नुसती मांडामांड

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही, आणि ऑफिसात तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगायचं म्हणून बसले आहे खरी, पण आतापासूनच मन पळवाटा शोधतंय – आधी चहा टाकू का, आधी ऑफिसचं काम समजावून सांगू का. सांगते. आधी कामाचंच; तेवढाच वेळ मिळेल.

मी पेटंट ऑफिसात परीक्षक होते. कुणी काही नवीन शोधून काढलं की अर्ज करतो, आणि ते खरंच नवीन आहे का हे बघायला माझ्यासारखं कुणीतरी टेबलाशी बसलेलं असतं. आधी कुठे छापून आलंय का, आधी कुणी उघडपणे वापरलंय का, हे शोधायचं. सापडलं तर हरकत लिहायची. हरकत मी लिहायची, खाली सही साहेबांची. अर्जदाराला माझं नाव कधी कळत नसे. पद्धत चांगलीच होती, उगाच कुणी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभं राहत नाही. पण तिच्याआड लपताही येतं, हे मला फार उशिरा कळलं. की लवकरच कळलं होतं?

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. आम्ही बदलापुरात, मांजर्लीला राहत होतो. शेजारी कुलथे. कुलथेभाऊजी आधी अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. नोकरी सोडून त्यांनी तिथेच एमआयडीसीत एक शेड घेतली आणि प्लास्टिकच्या पिशव्या काढायला सुरुवात केली. पिशव्या जायच्या उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांकडे. माणूस मोठा गमतीदार. खिशात पेनाऐवजी प्लास्टिकचे तुकडे. कुणाकडे गेले की बिस्किटाचा पुडा उलटासुलटा करून त्याची कड कशी चिकटवली आहे ते बघत बसायचे, चहा निवून जायचा. त्यांची बायको मंदाताई माझी मैत्रीण. आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या, आणि रिकामी वाटी परत देणं दोघींनाही कमीपणाचं वाटायचं.

एकदा भाऊजींनी विचारलं होतं, “वहिनी, मी एक अर्ज टाकणार आहे तुमच्या ऑफिसात. तुमच्याच टेबलावर येणार काय?” मी म्हटलं, “छे, प्लास्टिकचं काम दुसरीकडे असतं.” खोटं होतं. प्लास्टिक माझ्याकडेच यायचं. शेजाऱ्याची कटकट नको, एवढाच विचार होता. असलं बारीकसारीक खोटं आपण दिवसातून किती बोलतो, नाही? मीही ते विसरून गेले.

मग संक्रांत आली. मंदाताईंचं हळदीकुंकू. दरवर्षी वाण म्हणून वाटी नाहीतर गाळणी. त्या वर्षी त्यांनी ऐटीत सांगितलं, “यंदा आमच्या ह्यांच्या फॅक्टरीचं वाण आहे!” तिळगुळाची छोटी, पारदर्शक पाकिटं. ओटी भरली, अत्तर लावलं, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक पाकीट. आम्ही सगळ्या सवयीने कोपरा दाताखाली धरायला गेलो. “अगं दात नका लावू,” मंदाताई ओरडल्या, “वरची दोन टोकं धरा आणि ओढा.”

मी ओढलं.

कसं सांगू तुम्हाला! त्या काळी पाकीट म्हणजे कात्री नाहीतर दात. प्लास्टिक गरम करून नीट चिकटवलं की फाटल्याशिवाय उघडायचं नाही, आणि सहज उघडावं म्हणून जरा कमी चिकटवलं की दुकानातच सुटायचं. हे पाकीट मी आधी दाबून, ताणून पाहिलं होतं, मुळीच हललं नव्हतं. आणि टोकं धरून ओढल्याबरोबर – सर्र! साय बाजूला व्हावी तसं उघडलं. दोन्ही कडा अखंड. कुठे तंतू नाही, चिरा नाही, तिळाचा एक दाणा खाली पडला नाही. जिथे चिकटवलं होतं तिथे मात्र दोन्हीकडे एक पांढरी रेघ उमटली, खडूने आखल्यासारखी. म्हणजे कुणी आधी उघडलं असेल तर रेघ सांगणार. मी दुसरं पाकीट मागून घेतलं. तेही तसंच. अंगावर काटा आला माझ्या. बायका हसायला लागल्या, “नीलाताईंना तिळगुळापेक्षा कागदाचंच कौतुक!”

संध्याकाळी भाऊजींनी समजावलं. तीन थर होते. बाहेरचा मजबुतीचा, मधला आधाराचा. खरी गंमत आतल्या थरात. त्यात त्यांनी एकमेकांत कधीच न मिसळणारी दोन प्लास्टिकं मुद्दाम एकत्र घातली होती. “दोन जावा एका घरात, वहिनी,” ते म्हणाले. “बाहेरून घर एकदम टाइट. पण ओढलं की कुठनं सुटायचं ते आधीच फिक्स!” मंदाताईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मी हसले, पण आत काहीतरी लागलं. ते काय होतं ते पुढे सांगते. सांगायलाच हवं.

अर्ज अजून गेलेला नव्हता. अर्जाच्या आधी वस्तू अशी चारचौघांत वाटली गेली तर कायद्याच्या लेखी ती नवीन राहत नाही, हे हळदीकुंकवाच्या त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं – अहो, ही पाकिटं वाटू नका. पण निम्मी वाटून झाली होती, मंदाताईंच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता, आणि मी गप्प राहिले. चूक झालीच. पण मी सांगायला बसले आहे ती चूक ही नव्हे.

पुढे काही महिन्यांनी फाइल माझ्या टेबलावर आली. भाऊजींनी अर्ज स्वतःच लिहिला होता, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पण त्या आतल्या थराचं वर्णन मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. नियमाने मी साहेबांकडे जायला हवं होतं – हा माणूस माझा शेजारी आहे, ही वस्तू मी अर्जाआधी वापरली आहे, फाइल दुसऱ्या कुणाला द्या. एवढं सरळ होतं. हळदीकुंकवाची गोष्ट उघड झाली असती तर पेटंट बहुधा बुडालंच असतं. पण खऱ्या कारणाने बुडालं असतं.

मी गेले नाही. मग शोध घ्यायला लागले. परदेशातले जाडजूड खंड काढले, त्यातले थर, चिकटवायच्या तऱ्हा, वेष्टनं सगळं चाळलं. इतक्या चिकाटीने मी आयुष्यात कुठली फाइल तपासली नसेल. वरून वाटायचं, केवढी कर्तव्यदक्ष बाई. खरं म्हणजे मला ते सापडायला हवं होतं. कुठेतरी, कुणीतरी हे आधी केलेलं असायला हवं होतं. नव्हतं. मला तरी कुठेच सापडलं नाही.

का हवं होतं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते. ऑफिसात आम्ही बायका मोजक्याच, शेजाऱ्याचं काम करून दिलं म्हणून बोट दाखवलं असतं. भीती होती, नाही असं नाही. पण हे त्याच्या खालचं – एम.एस्सी.ला असताना मी अशीच दोन प्लास्टिकं एकमेकांत मिसळायला धडपडत होते. मिसळायची नाहीत. पट्टी ओढली की थर सुटायचा, पांढरा पडायचा. सर म्हणाले, प्रयोग फसला. मी मान हलवली, तो विषय सोडला आणि पुढे नोकरी धरली. ती पांढरी रेघ मी पाहिली होती हो! माझ्या हातात होती. मला ती फसल्याची खूण वाटली, आणि अंबरनाथच्या एका शेडमध्ये पिशव्या काढणाऱ्या माणसाला कळलं की तीच तर कमाल आहे. हे मला का सुचलं नाही? त्या फाइलीसमोर बसून मी दुसरा विचारच केला नाही.

कायद्यात एक कलम आहे. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकाशेजारी एक मांडल्या आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करत असेल, तर तो शोध नव्हे. कलम रास्त आहे. छत्रीला बॅटरी बांधून आणणारे लोक असतात, त्यांच्यासाठी ते लागतं. मी ते भाऊजींच्या अर्जावर लावलं. तिन्ही थर ज्ञात आहेत, एकावर एक मांडले आहेत, नवीन काही घडत नाही, असं मी लिहिलं. आतल्या थरात काय घडतं हे त्यांच्या खालोखाल मलाच माहीत होतं. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

आणि मग भाऊजी ते पत्र घेऊन आमच्याकडेच आले. दुसरीकडे कुठे जाणार? “वहिनी, हे इंग्लिश आपल्या डोक्यावरनं गेलं. काय म्हणतात साहेब?” मी चष्मा लावला. माझीच वाक्यं, माझाच स्वल्पविराम. मी त्यांना मराठीत समजावून सांगितलं, “ते म्हणतायत, ही नुसती मांडामांड आहे. जुन्याच वस्तूंची.”

त्यांनी पत्र माझ्या हातातून परत घेतलं. मग विचारलं, “तुम्ही तर पाकीट उघडलंय. तुम्ही सांगा. खरंच यात नवीन काय नाय?”

मी म्हणाले, “त्यांनी सगळं बघूनच लिहिलं असेल, भाऊजी.”

झालं. हीच ती गोष्ट. पत्राला उत्तर देता येतं का, समक्ष जाऊन म्हणणं मांडता येतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली – काय उपयोग, अशी. त्यांनी मुदत जाऊ दिली. अर्ज निकालात निघाला. त्या पाकिटांसाठी घेतलेलं यंत्र त्यांनी साध्या पिशव्यांवर लावलं आणि कॅम्प एकच्या व्यापाऱ्यांना पूर्वीसारख्या पिशव्या द्यायला लागले. पाकिटांचं पुन्हा नाव काढलं नाही. मंदाताईंनी एकदा मला म्हटलं, “हे हल्ली बिस्किटाचे पुडे उलटे करून बघत नाहीत ग.” मी आमटीला फोडणी देत होते, देत राहिले.

माझा तो शब्द मात्र त्यांनी जपून ठेवला. गणपतीची आरास कुणी वाखाणली की हसून म्हणायचे, “आमचं काय, नुसती मांडामांड!” लग्नात रुखवताचं कौतुक झालं, तरी तेच. सगळे हसायचे. मीही हसायचे.

नव्वदचं दशक संपत आलं. पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं म्हणून कुलथे तोवर मांजर्ली सोडून खरवईला नव्या इमारतीत गेले होते. भाऊजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नर्सिंग होममध्ये डबा घेऊन गेले. मंदाताई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. सुईचं पाकीट दोन टोकांना धरून तिने ओढलं. सर्र! तो आवाज मी विसरले नव्हते.

“सिस्टर, ते रॅपर टाकू नका, इकडे द्या,” भाऊजी म्हणाले. इंजेक्शनकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पाकीट उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं. दोन्ही बाजूंना पांढरी रेघ. त्यांचा चेहरा असा काही उजळला की पाहत राहावं. मांजर्लीत त्या संक्रांतीला माझाही चेहरा तसाच झाला असणार. फरक एवढाच की दुसऱ्या कुणाला हे जमलं म्हणून त्यांना आनंद झाला होता.

“बघा वहिनी! एक कण नाय, तंतू नाय. आत जंतूची काय हिंमत आहे शिरायची? काय डोकं असेल हो त्या माणसाचं! याला म्हणायचं शोध.” मग लाजल्यासारखं म्हणाले, “आपलं पण थोडंफार असंच होतं, नाय?”

खोलीत आम्ही दोघंच होतो. सिस्टर गेली होती. नोकरीची भीती उरली नव्हती, अर्ज केव्हाच निकालात निघाला होता, मला अडवणारं काही म्हणजे काही नव्हतं.

“हो,” मी म्हणाले, “थोडंफार.”

ते पाकीट त्यांनी घडी करून उशीखाली ठेवलं. मी डबा उघडून त्यांना भात वाढला.

थोडंफार नव्हतं ते. तेच होतं. त्या संक्रांतीला ते नवीन होतं, पहिल्यांदा ओढलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि नवीन नाही असं लिहिणारे साहेब म्हणजे मी होते.