बोलायचं असेल तर दिव्याखाली

आमच्या घरात संध्याकाळी भांडायचं असलं तरी आधी दिव्याखाली जाऊन बसावं लागे. माय ठार बहिरी होती. मी लहान असताना तिला विषमज्वर झाला, त्यातून ती उठली, पण कान गेले ते गेलेच. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि तशी जीभ आमच्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती. ती धडाधड बोलायची आणि आमचं बोलणं ओठांवरून वाचायची. दिवसा काही अडचण नसे. वावरात पिकाच्या चार तासं, म्हणजे चार ओळी, पलीकडून मी काय पुटपुटले तेसुद्धा तिला कळायचं, आणि शिवी दिली असली तर जरा लवकरच कळायचं. दिवस बुडाला की मात्र आमचं घर मुकं व्हायचं.

घर वावरातच होतं, गावापासून बाजूला, शेगावच्या उत्तरेला पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात. विजेचे खांब गावापर्यंत आले आणि तिथेच थांबले. वडील गेल्यावर आणि माझं सासर सुटल्यावर त्या घरात आम्ही दोघीच उरलो. कंदील होता, पण कंदिलाचा उजेड खालून येतो, ओठांची सावली नाकावर चढते, आणि मायच्या डोळ्यांत तेव्हापासूनच मोतीबिंदू धरायला लागला होता. मी हातवारे करायची, ती डोळे ताणून बघायची आणि मग वैतागून म्हणायची, "जाऊ दे वं, सकाळी सांग." सकाळी कोण सांगतं? सकाळी ती एका कामाला, मी दुसऱ्या. सासरहून परत आल्यावर कितीतरी वर्षं मी रोज संध्याकाळी समोर माणूस असताना मुक्याने जेवले आहे. तसं जेवण गळ्याखाली उतरत नाही, ढकलावं लागतं.

मग ऐंशीचं दशक संपता संपता एका योजनेतून आमच्याकडे सोलरची प्लेट आली. दोन माणसं आली, पडवीच्या उतारावर हात पुरेल अशा उंचीला एक निळी काच ठोकली, कोपऱ्यात बॅटरी ठेवली, आढ्याला आखूड ट्यूब लावली, चहा प्याली आणि गेली. पुन्हा ती माणसं आम्ही कधी पाहिली नाहीत. त्या संध्याकाळी मायनं मला ट्यूबच्या बरोबर खाली बसवलं, स्वतः समोर मांडी घालून बसली आणि हुकूम सोडला, "बोल."

मला काही सुचेचना. इतक्या वर्षांचं साचलेलं, आणि तोंडातून निघालं, "भाजीत मीठ जास्त झालं."

"मंग खाल्ली काऊन?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

त्यानंतरच्या काही दिवसांत मी तिला सासरचं सगळं सांगितलं. कोण कसं वागलं, मी का निघाले, येताना कुणी थांबवलं नाही ते. तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "मले वाटे, तूच बोलत नाही कोनासंगं, म्हून त्यायनं टाकलं असंन." इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती. त्या ट्यूबचे उपकार मी तेव्हापासून मानते.

घरात एक रीतच पडून गेली. बोलायचं असलं की दिव्याखाली जायचं, रुसायचं असलं की अंधाऱ्या कोपऱ्यात. मायला वाद संपवायचा असला की ती उठून खटका बंद करायची, आणि मग मी कितीही ओरडले तरी तिच्या लेखी गप्पच. या एका गोष्टीचा मला फार संताप यायचा. माणसानं बोलता बोलता कान झाकावेत तसं ती दिवा झाकायची, आणि वर अंधारातून आवाज यायचा, "झालं का तुहं?"

प्लेटीची सेवा मायकडे होती. सकाळी अंघोळ झाली की ती पूर्वेला तोंड करून सूर्याला तांब्यातून पाणी सोडायची. ते आधीपासूनच होतं. प्लेट आल्यापासून तिने त्यात वाटणी केली. अर्धा तांब्या सूर्याला, उरलेला प्लेटीवर. "त्याचंच लेकरू हाय ना हे," म्हणायची. पाणी विहिरीचं, म्हणजे खारं. आमच्या भागात खारं पाणी धुण्याभांड्याला आणि जनावरांना, गोडं पाणी पिण्याला. गोडं पाणी नदीच्या पात्रातल्या झिऱ्यावरून डोक्यावर आणावं लागे, आणि त्याचे माझा एक, तिचा एक असे दोन माठ होते. तू माझं पाणी उगीच कशात घालतेस, असं आमचं भांडण नको, यासाठी तिनेच तसे वेगळे केले होते. गोडं पाणी कशावर ओतून टाकायचं, ही गोष्टच आमच्याकडे कुणाच्या मनात येत नाही.

पहिली वर्षं बरी गेली. बॅटरीला लागणारं पाणी मी शेगावच्या बॅटरीवाल्या चाचांकडून बाटलीतून आणायची. बॅटऱ्या बदलल्या, ट्यूब बदलली. पण हळूहळू दिवा जेवणं होईपर्यंतच टिकायला लागला. मग जेवता जेवता पिवळा पडायला लागला. मायचे डोळे एकीकडे अधू होत चालले, दिवा दुसरीकडे, आणि मी मध्ये बसून ओठ फाकून फाकून बोलायची. माझा जबडा दुखायचा. चाचांनी बॅटरी तपासून सांगितलं, "बॅटरी तो अच्छी है बाई. ऊपर का देखो."

वर पाहिलं. काचेवर चुन्याचा हात फिरवावा तसा पांढरा थर बसला होता. माय तो थर राखेने घासून काढायची, तवा घासतात तशी, त्यामुळे सगळ्या काचेवर बारीक ओरखडे. मी थरावर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. रोज सकाळी भक्तिभावाने आम्ही आमच्या दिव्यावर मीठ वाळत घालत होतो.

"माय, विहिरीचं पानी टाकू नको त्याच्यावर," मी म्हटलं.

"मंग का सूर्यावर थुंकू?"

मी मिठाचा प्रकार समजावला. चिंचेच्या कोळाने जेवढा थर निघाला तेवढा काढला. सांगितलं, आता पाणी घालायचंच नाही, मी रोज कोरड्या फडक्याने पुसत जाईन. तिने काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाव." माय इतक्या लवकर हाव, म्हणजे हो, म्हणाली की समजावं, ऐकायचं नाही असं ठरलंय. मला ते त्या दिवशी समजलं नाही.

त्या वर्षी दिवा खरंच जरा जास्त चालला. काच स्वच्छ दिसायची. मी माझ्या फडक्याची फुशारकी मारत होते, आणि ती दिव्याखाली बसून सगळं वाचून घेत होती. मायच्या तोंडावर तेव्हा एक हसू असायचं. मला वाटायचं, माझं कौतुक आहे.

पुढच्या उन्हाळ्यानंतर तिच्या पायांवर सूज यायला लागली. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग सकाळी उठल्यावर चेहराच ओळखू येईना. शेगावच्या डॉक्टरांनी तपासलं, किडन्या खराब झाल्यात म्हणाले, आणि विचारलं, "पाणी कोणतं पिता?" मी ताठ मानेनं सांगितलं, "गोडं. खारं आमच्याकडे पीतच नाही कोणी." माय माझ्या ओठांकडे बघत होती. तिने मान खाली घातली.

घरी आल्यावर एका दुपारी ती झोपली असताना मी उन्हातून आले. माझा माठ रिकामा होता, म्हणून तिच्या उशाचा तांब्या तोंडाला लावला. तोंडभर खारट. मी चूळ थुंकली आणि तिच्या माठात हात घातला. तेही खारटच. विहिरीचं पाणी! मी तिला गदागदा हलवून उठवलं. दिवस होता, दिव्याची गरज नव्हती, मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, गोडं पाणी कुठे जातं?

ती पडवीकडे बघायला लागली.

तिच्या वाटणीचं गोडं पाणी रोज सकाळी मी शेळ्या सोडायला गेले की प्लेटीवर जात होतं. आणि ती विहिरीचं पीत होती. कधीपासून, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी तिला काय काय बोलले! अडाणी म्हटलं, हट्टी म्हटलं, मला मारायला निघालीस म्हटलं. ती सगळं वाचत होती. शेवटी म्हणाली, "तू काय फडक्यानं पुसत होती? ओरखडे पाडत होती. धुतलं म्हून चाललं ते." आणि डोळे मिटून घेतले. दिवसाढवळ्या तिला खटका नव्हता, म्हणून डोळे मिटले. मी पुढे किती तरी वेळ मिटल्या डोळ्यांशी भांडत बसले.

त्यातही जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीने. प्लेट आतून आधीच गेली होती. घासून घासून कडेची चिकटण सुटली होती, तिथून पाणी आत शिरलं होतं, कोपरे तपकिरी होऊन ते डाग रोज मधे सरकत होते. वरून गोडं पाणी घाला नाही तर अमृत घाला, त्या काचेत राम उरला नव्हता. एखादं वर्ष दिवा थोडा जास्त चालला, त्यासाठी तिने स्वतःला घालवलं होतं.

मग मी दारोदार फिरले. प्लेट आणणारी योजना बंद झाली होती. ज्या कचेरीत गेले तिथून दुसरीकडे पाठवलं, दुसरीकडून परत पहिलीकडे. विजेच्या खांबासाठी विचारलं तर म्हणाले, एका घरासाठी ओढता येत नाही. चाचांना म्हटलं, कुठूनही एक प्लेट आणून द्या. ते म्हणाले, इकडे कुठल्याच दुकानात मिळत नाही बाई, मी विचारून ठेवलंय. मायला म्हटलं, गावात राहू, तिथे लाइट आहे. ती म्हणाली, "तिथं दहा जनं बोलतात. मी कोनाकोनाच्या तोंडाकडं पाहू?" मला रडायलाही जागा नव्हती. समोर बसून रडले तर ती वाचायची, आणि कोपऱ्यात जाऊन रडले तर रुसले असं समजायची.

दोन्ही माठ आता गोड्या पाण्याने भरलेले असायचे. डॉक्टरांनी तिला पाणी मोजकंच द्यायला सांगितलं होतं. झिऱ्यावरून डोक्यावर आणायचं आणि तिला घोटभर द्यायचं. ती माठाकडे बघायची, मी तिच्याकडे.

चैत्रातली गोष्ट. तिची बाज मी ट्यूबखाली ओढून घेतली होती. दिवसभर लख्ख ऊन पडलं होतं, म्हणून संध्याकाळी मोठ्या आशेने खटका दाबला. ट्यूब फडफडली, तिच्या तोंडावर क्षणभर उजेड आला, आणि गेली. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मग कंदील पेटवून माझ्या हनुवटीपाशी धरला, काचेचा चटका बसेपर्यंत धरला आणि ओठ हलवले.

"नाही दिसून राह्यलं," ती म्हणाली. "राहू दे. हात दे इकडं. तू बोल, मी हाव म्हणतो."

तिने माझं मनगट धरलं. बोलताना माझा हात हलतो, हे तिला पक्कं माहीत होतं. हात थांबला की वाक्य संपलं. मी सांगितलं, शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत. हात थांबला.

"हाव."

सांगितलं, चाचांनी विचारलं होतं तुला. "हाव." सांगितलं, तू फार दुष्ट बाई आहेस. "हाव." मला हसू आलं आणि त्याच हसण्यात हुंदका आला. मी विचारलं, "काऊन केलं तू असं? मले काय दिवाच पाहिजे होता का?"

"हाव," ती म्हणाली.

"गोडं पानी देऊ?"

"हाव."

मी माठातून तांब्या भरला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांची पर्वा न करता ती पिईल तेवढं पाजलं. दोनच घोट गेले. मग तिने पुन्हा माझं मनगट चाचपलं, आणि मी पुन्हा बोलायला लागले. काहीही बोलत होते, पहिल्या दिवशीची मिठाची भाजी, दोघी कशा हसलो होतो ते. सांगून झालं आणि हात थांबवला.

हाव आलं नाही. तिची बोटं तशीच माझ्या मनगटावर होती. मी हात पुन्हा हलवला आणि बोलत राहिले.