एक-दोन मारलं तरी दोन-एक

भूतखेत, करणी, साक्षात्कार... यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. प्रताप नगरात आमच्या कॉलनीत कुणी असले किस्से सुरू केले की मी सरळ उठून घरी जातो. तरीही हे लिहितोय, कारण हे माझ्याच हाताखाली घडलं. आणि माझा हात कच्चा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

साल चौऱ्याऐंशी. वाडीला, अमरावती रोडवर एका गोदामाच्या माडीवर आमचं छोटं कम्प्युटर सेंटर होतं. मी तिथला सिनियर ऑपरेटर. तेव्हाचे डिस्क ड्राइव्ह म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनएवढी धुडं. वरचं झाकण उघडायचं आणि आत थाळ्यांच्या चवडीसारखा डिस्क-पॅक बसवायचा. काम होतं धरणात बुडणाऱ्या गावांच्या याद्यांचं. यादीत नाव असेल त्या कुटुंबाला बदल्यात जमीन मिळणार. नाव नाही तर काही नाही. एक नंबरच्या ड्राइव्हवर चालू यादी, दोन नंबरवर तिची नक्कल. मशीन चालवणारी डिस्क वेगळी होती.

माझ्याबरोबर सिंधूताई काम करायच्या. यादीतलं शेवटचं गाव त्यांचं माहेर. तीन आठवडे बसून ते त्यांनी एकटीने टाइप केलं. भावाचं नाव टाइप केलं त्या दिवशी मला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं. त्या तीन आठवड्यांत लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून नक्कल काढणं मी पुढे ढकलत गेलो. त्यात दसऱ्याच्या साफसफाईत हाताने भरलेले फॉर्म रद्दीत गेले. "काढा बिनधास्त, सगळं डिस्कवर आहे," असं मीच साहेबांना म्हटलं होतं! थोडक्यात, ते गाव आता एका पॅकवर तेवढं उरलं होतं.

खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. हळद-कुंकू, झेंडूचे हार, उदबत्तीचा धूर... डिस्कला हे म्हणजे विष. म्हणून दोन्ही पॅक मी आधीच काढून कपाटात ठेवले आणि दसरा झाल्यावर परत बसवले. लेबलं वाचली नाहीत. मला काय, डोळे मिटून कळायचं कुठला पॅक कुठला.

त्याच दिवशी सकाळी अकराला नक्कल काढायला बसलो. आमच्या टर्मिनलला पडदा नव्हता. जे टाइप कराल ते कागदावर छापून यायचं. आमचा नियम असा—मी टाइप करायचं, ताईंनी कागदावरचं मोठ्याने वाचायचं, त्या "हो" म्हणाल्या की मगच शेवटचं बटण दाबायचं. कमांड सोपी: कॉपी, एक, दोन. म्हणजे एकवरचं सगळं दोनवर जाणार आणि दोनवरचं जुनं पुसलं जाणार.

टाइप केलं. ताईंनी वाचलं, "कॉपी, दोन, एक."

"काहीतरीच काय! एक-दोन मारलं मी."

"मीबी पायलं ना भाऊ, तुमी आधी एकच मारला. पण कागदावर दोन हाये."

ओळ रद्द केली. पुन्हा मारलं—पुन्हा दोन, एक. मग ताई स्वतः बसल्या, एकेक चावी सावकाश दाबली. तेच! नुसता एक दाबला तर एकच उमटायचा, दोन दाबला तर दोन. कमांडमध्ये मात्र उलटं. माझं डोकं सटकलं. म्हटलं, ठीक आहे, मीच उलटं मारतो, म्हणजे सुलटं येईल. मुद्दाम दोन-एक मारलं... तर छापून आलं दोन-एकच.

"छपाईत गडबड आहे," मी म्हणालो. "आत बरोबरच जात असणार." परत एक-दोन मारलं, परत दोन-एक उमटलं. "उमटू दे. दाबतो मी."

ताईंनी झटकन बटणावर तळहात ठेवला. "हात नका लावू भाऊ! मले भेव वाटून राहिलं. माह्या माहेरचं गाव हाये त्याच्यात. आधी झाकणं उघडून पाहा."

"त्यात काय पाहायचं?" असं कुरकुरतच मी ड्राइव्ह थांबवले आणि एक नंबरचं झाकण उघडलं. आतल्या पॅकवर लेबल, माझ्याच अक्षरात: नक्कल.

दोन नंबरचंही उघडलं, त्यात चालू यादी. पॅक मी उलटे बसवले होते. एक-दोन गेलं असतं तर तीन आठवडे जुनी नक्कल चालू यादीवर चढली असती. मी खाली स्टुलावर बसलो.

पॅक नीट बसवले, लेबलं दोघांनी वाचली. मग टाइप केलं—कॉपी, एक, दोन. कागदावर आलं एक, दोन. पहिल्याच फटक्यात!

नक्कल झाल्यावर ताईंनी त्यांच्या गावाची यादी छापून घेतली, भावाच्या नावावर बोट ठेवलं आणि ढसाढसा रडल्या. मी चहा आणून दिला. दुसरं काय सुचणार?

पुढे कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने टर्मिनल उघडलं, एकेक चावी तपासली आणि लिहून दिलं, दोष नाही. खाली गोदामात येणाऱ्या ट्रकांची थरथर म्हणाल, तर ती रोजचीच. माझं बोट चुकलं म्हणाल, तर ताईंचंही चुकलं का?

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मी डिस्कच सांभाळल्या. जे टाइप कराल तेच मशीन करतं, हे आजही कुणाशीही पैज लावून सांगेन. त्या एका सकाळी मात्र त्याने माझं ऐकलं नाही. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. एवढंच कळतं की ऐकलं असतं, तर धरणाचं पाणी यायच्या आधी ताईंचं माहेर मी बुडवलं असतं.