इंजिनावरचं कुंकू

कुंकू बघून इंजिन विकत घेणारे आम्हीच असू. आमच्या जुन्या गाडीचं इंजिन बसलं, तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात द्या. बायको ऐकेना. मग दोघं जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो.

दुकानदार एकेक इंजिन दाखवत होता. मी जाणकारासारखी मान डोलावत होतो, कळत काहीच नव्हतं. बायको एका इंजिनापाशी वाकली. "अहो, हे बघा." काळ्या, तेलकट खाचेत हळदीकुंकवाचा पुसट ठिपका होता. "हेच घेऊ."

दसऱ्याला आपण बॉनेटवर कुंकू लावतो, हार घालतो आणि पेढा खाऊन मोकळे होतो. बॉनेट उघडून आतल्या इंजिनाला कुंकू लावणारं माणूस कसं असेल? त्याने तेलही वेळेवर बदललं असणार. एवढ्या भरवशावर तर लग्नंही जमतात.

गाडी झकास चालतेय. परवा दसऱ्याला बायकोने बॉनेट उघडायला लावलं. मी फडक्याने तो जुना ठिपका पुसायला गेलो, तर तिने हात धरला.

"राहू द्या. ते त्यांचं आहे."

आणि शेजारी तिने आमचं कुंकू लावलं.