आबांची तापणारी पेटी

कट्टा गावचे आबा अँप्लिफायरच्या पेटीवर हात ठेवून तिचा ताप बघायचे, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. हात भाजला की खूश व्हायचे. रेडिओ दुरुस्तीचं त्यांचं दुकान एसटीच्या थांब्यासमोर होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा मुंबईला होता, आणि दुकानामागच्या खोलीत आबा एकटेच राहत.

मी घाटावरून नुकताच तिथल्या शाळेवर रुजू झालो होतो. संध्याकाळ खायला उठायची. गाणी ऐकायला अँप्लिफायर हवा म्हणून गेलो, तर पहिला प्रश्न, "मास्तरांनू, स्पीकर कितके ओमांचो?" ओहम हे विजेच्या अडथळ्याचं माप, एवढंच मला ठाऊक; आकडा कुठला माहीत! "आधी स्पीकराची पाठ बगून येवा. पेटी मगे." मी मुकाट्याने खोलीवर गेलो आणि स्पीकरच्या पाठीवरचा आठाचा आकडा वाचून परत आलो.

आता काचेच्या, तापणाऱ्या व्हॉल्व्हची पेटी घ्यायची की ट्रान्झिस्टरची, हे ठरवायचं होतं. त्यासाठी मी जवळजवळ तीन महिने रोज आबांकडे गेलो. त्यांची स्वतःची पेटी व्हॉल्व्हची. ती चालू करून ते तबकडीला हातच लावायचे नाहीत. "बसा. जरा तापांदे." मग स्टोव्हवर कोरा चहा, आणि तो होईपर्यंत बायकोच्या हातच्या माशांच्या तिकल्याची नाहीतर मुलाच्या न आलेल्या पत्राची गोष्ट. व्हॉल्व्ह अर्ध्या मिनिटात पेटतो हे मला ठाऊक होतं. आबांना मात्र दहा मिनिटं लागत. निघताना म्हणत, "आज नीट आयकूक गावला नाय. उद्या येवा." गिऱ्हाईक पटवायची ही कुठली तऱ्हा, असं मला वाटायचं.

दोन्हींची कुंडली त्यांनी एकदाच मांडली. "ट्रान्झिस्टर थंड रवता. स्पीकर नसताना मोकळो चललो तरी तेका काय होना नाय. फकत स्पीकराचे ओम कमी करू नकात, मरतलो. व्हॉल्वाचा उलटा. स्पीकर काढून चालू केल्यात तर आतल्या आत जळतलो."

माझी खोली कौलांखालची, ठेंगणी. मे महिन्यात तिथे आणखी एक शेगडी कोण ठेवणार? मी ट्रान्झिस्टर घेतला. आबांनी तो मन लावून बांधला, पाठीला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लावला, आणि माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "बरो आसा. ह्येका थांबूक लागाचा नाय."

खरंच थांबावं लागेना. बटण दाबलं की गाणं. माझं आबांकडे जाणं बंद पडलं, आणि ते मला जाणवलंही नाही. एकदा थांब्यावरून पाहिलं, तर दुकानात पेटीचे दिवे लागलेले, तबकडी फिरत नव्हती, आणि आबा पेटीवर हात ठेवून बसले होते. समोरचं स्टूल रिकामं होतं. आत जावंसं वाटलं. पण हातात तपासायचे पेपर होते आणि मी तसाच पुढे गेलो. याची मला आजही लाज वाटते.

पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात मी शहाणपणा करून त्या पेटीला दोन स्पीकर समांतर जोडले. आठ ओमांचे चार झाले आणि पेटी मेली. ती बगलेत मारून आबांकडे गेलो, म्हणजे काम पडलं तेव्हाच गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "आबांका मुंबयच्या झिलान म्हयनोभर आदी आपल्याकडे नेल्यान. तुमची लय वाट बगी होते. ह्या तुमका देवक सांगल्यानी." गोणपाटात गुंडाळलेली ती आबांची स्वतःची पेटी होती. बटणाजवळ कागदाची पट्टी चिकटवली होती. लिहायचं म्हणून त्यांनी शुद्ध मराठी वापरली होती : 'आठ ओम. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये.'

आबा परत आले नाहीत. वर्षाच्या आत मुंबईतच वारले.

पेटी आणली त्या संध्याकाळी मी स्पीकर जोडला, बटण दाबलं, चहा ठेवला आणि वर हात ठेवून बसलो. अर्ध्या मिनिटात ती तयार झाली. उरलेली साडेनऊ मिनिटं पेटीसाठी कधी नव्हतीच, माझ्यासाठी होती, आणि आता बोलायला समोर कोणी नव्हतं.