डॅशबोर्डखालची पेटी

आमचे मिस्टर सिल्वासाला आले ते ट्रकचे ड्रायव्हर म्हणून आणि राहिले ते मॅनेजरसाहेबांच्या गाडीमुळे. धाग्याच्या कारखान्यात माल उतरवायला यायचे. एकदा अरुंद फाटकातून त्यांनी भरलेला ट्रक मागे घेतला, कुठे ओरखडाही न उमटवता. साहेब बघत उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "माझी गाडी चालवशील?" पुढे मिस्टरांनी मलाही धुळ्याकडच्या गावाहून बोलावून घेतलं. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला लागले. धागा गुंडाळलेल्या बॉबिनला पिशव्या चढवायच्या आणि खोक्यात भरायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साहेबांनी परदेशी बनावटीची एक वापरलेली गाडी घेतली. काचा बटणावर खालीवर व्हायच्या, एका दाराला किल्ली लावली की चारही दारं खटकन बंद व्हायची. मिस्टरांना तिचं फार अप्रूप होतं. सकाळी लवकर जाऊन ती पुसायचे, कोणाला बोनेटला टेकू द्यायचे नाहीत.

मग गाडी चाळे करू लागली. एकदा पेट्रोल भरायला जाताना मिस्टरांनी मला वाटेत आमच्या चाळीपाशी सोडायला गाडीत घेतलं. कोरडे ठणठणीत दिवस, आभाळात ढग नाही, आणि वायपर आपोआप सुरू झाले. काचेवरची धूळ खरडत फिरू लागले. पाठोपाठ दारांची कुलुपं खाटखाट लागायला आणि निघायला लागली. मला हसू आलं. मिस्टर हसले नाहीत. त्यांनी वाकून डॅशबोर्डखाली मूठ मारली, तसं सगळं शांत झालं.

"काय आहे तिथं?" मी विचारलं.

"पेटी आहे एक. मॉड्यूल म्हणतात. दिवे, वायपर, हॉर्न, कुलुपं, सगळं तिच्या हुकमावर चालतं. आतून बिघडलीय." मग म्हणाले, "परवा पुलावर हेडलाइट गेले होते. क्षणभरच. पण गेले होते."

"साहेबांना सांगितलं?"

"सांगितलं. म्हणाले, पार्ट बाहेरून मागवलाय, यायला वेळ लागेल. तोवर सांभाळून चालव."

कारखान्याची नवी गोदामं रांधा गावाच्या बाजूला उठत होती. साहेब कामावरून सुटले की ती बघायला जायचे. एके दिवशी परत निघायला उशीर झाला, दिवस बुडाला. साहेब मागच्या सीटवर होते. रांधा सोडून गाडी किलवणीच्या दिशेने निघाली. तिथे ताडांच्या रांगेपाशी रस्ता वळतो. मिस्टरांनी मला नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं तेच मी सांगते. वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. त्यांनी बटण फिरवलं, मूठ मारली, ब्रेक दाबला. मग आवाज आला.

डोक्यावर भारा घेऊन घरी निघालेली एक आदिवासी बाई होती. तिथेच गेली.

मिस्टर खाली उतरले आणि तिच्याजवळ बसून राहिले. लोक धावून आले. त्यांना मारलं, तरी ते उठले नाहीत. साहेब दुसऱ्या गाडीतून निघून गेले. चौकीत त्यांनी सांगितलं की आपल्याला डुलकी लागली होती, आपण काही पाहिलं नाही.

मिस्टर जामिनावर घरी आले तेव्हा त्यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता. मी शेकायला फडकं गरम केलं, तर हात धरला माझा. "राहू दे," म्हणाले. सगळ्या वस्तीत एकच बोलणं होतं, ड्रायव्हर प्यायलेला असणार. सिल्वासात दारू कोणाला दूर नव्हती. मिस्टरांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती, पण हे कोणाकोणाला सांगत बसायचं?

गाडी मात्र चौकीच्या आवारात राहिली नाही. कशी ते मला कळलं नाही, पण ती कारखान्याच्या आवारात येऊन उभी राहिली. गाडी तपासणारे सरकारी अधिकारी अजून यायचे होते. त्याआधीच एका सकाळी वापीचा एक गुजराती ऑटो इलेक्ट्रिशियन आला. चहाची सुट्टी होती. मी पॅकिंगच्या शेडच्या दारात कप घेऊन उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पेटी बदलली गेली.

त्याने आधी बॅटरीची तार सोडवली. स्टिअरिंगखालची पट्टी काढली आणि पाठीवर झोपून आत शिरला. पाय तेवढे दाराबाहेर. एकेक जाड प्लग उपसून बाजूला केला, स्क्रू काढले आणि तळहातावर मावेल एवढी काळी पेटी घेऊन बाहेर आला. मी जवळ गेले. पेटीवर जिथे पांढरा प्लग बसायचा तिथली एक पिन जळून तपकिरी झाली होती. प्लॅस्टिक वितळलं होतं. मलाही कळावं इतकं ते उघड होतं.

नवी पेटी चंदेरी पिशवीतून निघाली. ती जागेवर बसवली, प्लग दाबले, बॅटरी जोडली. चारही दारं एकदम खटकन बोलली. त्याने दिवे लावले. भर उन्हातही लख्ख दिसत होते.

"भाऊ, ही जुनी कुठे नेता?" मी विचारलं.

"साहेब बोल्या छे, माझ्याकडेच ठेवायची." तो पेटी फडक्यात गुंडाळत होता.

"ज्यांच्यावर केस झालीय ते माझे मिस्टर आहेत. ही पिन जळलीय एवढंच सांगाल का चौकीत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, चेहरा उतरला त्याचा. "बहेन, या सगळ्या कारखान्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात. मला पण इथेच धंदा करायचाय." पिशवी खांद्याला लावून तो फाटकाबाहेर गेला. चहा संपल्याची घंटा झाली आणि मी पुन्हा खोकी भरायला आत गेले.

तपासणी झाली. दिवे चांगले, ब्रेक चांगले. गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला.

मिस्टर रोज संध्याकाळी कारखान्यासमोरच्या टपरीपाशी जाऊन उभे राहायचे. साहेबांची गाडी दिवे लावून बाहेर पडायची, वळायची, दूर जायची. दिवे कधीच विझले नाहीत. हे बघून बघून त्यांच्या मनात वेगळंच काही शिरलं. एकदा जेवताना घास हातात धरून म्हणाले, "गेले होते ना गं दिवे?"

"म्हणजे काय? तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं. पण मीच कुठे दुसरीकडे बघत असेन तर?"

"जळलेली पिन मी बघितलीय."

"पिन जळली असेल. त्या वेळी दिवे गेलेच होते, हे कोणी बघितलं?"

दिवसेंदिवस ते असेच बोलू लागले. बोलता बोलता हात स्टिअरिंग धरल्यासारखे गुडघ्यांवर ठेवून बसायचे. आमचे वकील म्हणाले होते की त्या बाईच्या घरी जाऊ नका, धमकावल्यासारखं दिसेल. पण सुट्टीच्या दिवशी मिस्टर उठले आणि कपडे करू लागले. कुठे जायचं ते मला कळलं. एकटं कसं पाठवायचं, म्हणून मीही निघाले.

रांध्यापर्यंत टेम्पोने गेलो, पुढे शेतातून पायी. कुडाच्या भिंतींचं घर होतं. अंगणात एक म्हातारा टोपली विणत बसला होता. गेलेल्या बाईचा नवरा. त्याने मिस्टरांना लगेच ओळखलं. उठला नाही, ओरडला नाही, बसा म्हणाला नाही. आम्ही उभेच राहिलो.

मिस्टरांनी हात जोडले. म्हणाले, "बाबा, माझ्या गाडीचे दिवे गेले होते. मला तसं वाटतंय. तुमच्या पाया पडायला आलोय."

म्हाताऱ्याने बांबूची पट्टी आत सरकवली. "वाटतंय कशाला? नव्हताच दिवा. मी तिच्या मागंच चालत होतो."

मी मिस्टरांचं कोपर धरलं.

"चौकीत बी सांगितलं मी," म्हातारा म्हणाला. "ते बोलले, गाडी तपासली, दिवा लागतो. मंग मी काय बोलू?"

साक्षीदार होता, आणि तोही खुद्द तिचा नवरा. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने मान वर केली आणि मिस्टरांना विचारलं, "दिवा जातो, हे तुला आधी ठावं होतं?"

मिस्टर म्हणाले, "होतं."

"मंग अंधारात कशाला आणली?"

एवढंच विचारलं त्याने. उत्तराची वाट न बघता तो पुन्हा टोपली विणू लागला. घरातून एक सून डोकावली आणि आत गेली. मग मीच यांना धरून वळवलं.

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "वकिलांना सांगू. म्हाताऱ्याला कोर्टात बोलवू. सुटाल तुम्ही."

"नाही बोलवायचं."

"साहेबांनी चालवायला लावली. तुम्ही कुठे आपल्या मर्जीने चालवत होतात?"

"साहेब मागे बसायचे. पुढे मी होतो." बांधावर थांबून त्यांनी चपलेतला खडा काढला. "नाही चालवत म्हटलं असतं तर फार तर नोकरी गेली असती."

तारखेला त्यांनी गुन्हा कबूल केला. वकील चिडले, मी रडले, पण ते बधले नाहीत. शिक्षा भोगून आले तेव्हा कानशिलं पांढरी झाली होती. परत कधी कुठल्या गाडीचं स्टिअरिंग धरलं नाही. खेरडीच्या बाजूला एका कारखान्यात मशीनवर धागा जोडायचं काम मिळालं. सायकलने जायचे आणि अंधार पडायच्या आत घरी यायचे. पाळी अंधारात सुटली, तर सायकल हातात धरून चालत यायचे.

मॅनेजरसाहेबांची बदली झाली, गाडीही कोणाला तरी विकली गेली. मी त्याच शेडमध्ये खोकी भरत राहिले. सोडून जायचं कुठे?

म्हातारा पुढे बरीच वर्षं होता. सिल्वासाच्या बाजारात टोपल्या घेऊन बसायचा. आम्ही भाजी घ्यायला गेलो की कधी कधी समोर यायचा. मिस्टर हात जोडायचे. तो बघायचा, टोपल्यांचा भार या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा आणि निघून जायचा.

"ओळखतो मला," मिस्टर म्हणायचे, आणि त्या दिवशी मग त्यांना जेवण जायचं नाही.