चावी कोणापाशी
अकोल्यातल्या आमच्या घड्याळाच्या दुकानाला तीन मालक होते. माझे वडील, काका आणि आत्या. आजोबा गेल्यावर तिघांची नावं कागदावर चढली. वडील आणि काका सरकारी नोकरीत रमले; दुकान उघडणं, सेल बदलणं, बंद पडलेली घड्याळं खोलून बसणं, सगळं एकट्या आत्याचं. तिने लग्न केलं नाही. माझं कॉलेज, चुलत बहिणीचं नर्सिंग त्या काउंटरवरच्या कमाईतून झालं. उपकार हा शब्द तिच्यासमोर काढला तर ती अंगावर धावून येते, म्हणून इथे लिहून घेतो.

मी अमरावतीत कर सल्लागार आहे, एका कॉलेजात करांवर शिकवतोही. गेल्या वर्षी काकांना दुकानाच्या जागेसाठी चांगलं गिऱ्हाईक मिळालं. विकायचं का, ते ठरवायला आम्ही रविवारी दुकानातच जमलो. आत्या डोळ्याला भिंग लावून काम करत राहिली. विषय जणू दुसऱ्याच कोणाच्या दुकानाचा होता. ती स्वतःहून काही मागणार नाही हे मला ठाऊक होतं आणि त्याचाच राग येत होता. दुकान गेलं तर सकाळी उठून ही बाई जाणार कुठे?

मला गप्प बसवत नाही. त्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांसाठी एका महागड्या विदेशी घड्याळ कंपनीची माहिती जमवली होती, तीच सांगत सुटलो. संस्थापकाला मूलबाळ नव्हतं, त्याने कंपनी एका धर्मादाय संस्थेच्या नावावर केली. संस्था दानधर्म करते म्हणून करात सवलत, आणि ती योग्य की अयोग्य यावर तिकडे वाद. मी अगदी रंगात आलो होतो.

काका म्हणाले, “म्हणजे आपल्या विहाराच्या ट्रस्टवानी. पन मंग मालक कोन?”

“माणूस असा कोणीच नाही.”

आत्याने भिंग काढलं. “कोनीच नाई? मंग सकाऊन दुकानाची चावी कोनापाशी रायते?”

मी हसलो. काका मात्र हसले नाहीत. आत्याच्या कमरेला लटकणाऱ्या चावीकडे ते बघत राहिले. “माह्यापाशी तं कधीच नव्हती,” ते हळूच म्हणाले. वडिलांनीही मान हलवली. मग काका माझ्याकडे वळले. “तू हक्कसोडाचा कागद बनव.”

आमच्याकडे हक्कसोड म्हणजे बहिणीने भावांसाठी केलेली सही. उलटं झालेलं मी माझ्या धंद्यातही क्वचितच पाहिलंय. आत्याने कमरेची चावी सोडली, पदराने पुसली आणि काकांपुढे ठेवली.

“सई कुठी कराची तेवढं सांग,” ती मला म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी चावी उचलून तिच्या हातात कोंबली. “बाई, तुले कोन म्हनते सोडाले? आमी दोघं सोडून राहिलो. दुकान तुह्यं हाये.”

आत्याने चावी परत कमरेला अडकवली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग नाक पुसत, नेहमीच्या आवाजात तिने मला विचारलं, “म्हणजे आता टॅक्सचं बी मलेच पाहा लागन काय रे?”

“ते मी पाहतो,” मी म्हणालो. “त्याच्याचसाठी तं शिकवलं नं तू मले.”