पिवळा काही पोचेना

माझ्या डोळ्यांबद्दल आमच्या घरात एकमत आहे. दुसऱ्या कुठल्याही विषयावर ते नाही. गावच्या जमिनीवर नाही, आमटीत गूळ घालण्यावर तर नाहीच नाही. पण याला रंग कळत नाहीत, हा ठराव मात्र सगळ्यांनी हात वर करून पास केलेला आहे. मी तो मानत नाही. मला रंग कळतात. लोकच त्यांना भलत्या नावांनी हाका मारतात.

ठराव पास झाला तो ताईच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. आमच्याकडे नवरी गौरीहर पुजायला बसते ती मामाने दिलेली पिवळी साडी नेसून. मामा एकच, म्हणजे मी. साडी मी एकट्याने जाऊन घेतली, मोठ्या तोऱ्यात. नवरी ती नेसून बाहेर आली आणि कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, “पोपट बसला गं बाई पाटावर.” साडी पोपटी निघाली. म्हणजे त्यांच्या मते. त्या लग्नाचा अल्बम अजून पाहुण्यांना दाखवतात आणि त्या पानावर आले की माझ्याकडे बघतात.

म्हणून धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा तिने फोनवर सरळ अटच घातली. “मामा, साडी घ्यायच्या आधी फोटो पाठवायचा. मी हो म्हटलं तरच घ्यायची. नाहीतर मी माझी आणीन आणि मांडवात सांगीन, मामानं दिली म्हणून.”

पोपट मी पचवला होता. हे मात्र लागलं. माझ्या नावावर दुसरीच साडी पाटावर बसणार, आणि मी शेजारी फेटा बांधून, आपणच दिल्यासारखा चेहरा करून उभा राहणार! तेव्हाच ठरवलं, यंदा साडी माझीच असेल आणि पिवळीच असेल.

ठरवलं, आणि मग माझ्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकललं.

ताईचं गाव साताऱ्याकडे, हळदीच्या पट्ट्यात. तिथला एक टेम्पोवाला माल घेऊन वाशीच्या मार्केटला येतो आणि दुपारी रिकामा परत जातो. आम्हा सातारकरांचं खरं कुरियर तेच. चष्मे, औषधं, मिक्सरची भांडी, एकदा तर कुणाचा तरी नाराज जावईसुद्धा त्याने पोचवलाय. मी खरेदीला निघालो त्या दुपारी साडी त्याच्याबरोबर जायलाच हवी होती, कारण गावच्या शिंप्याने ताईला बजावलं होतं, आज कापड आलं तर ब्लाउज, उद्या आलं तर नमस्कार.

तर मी कामोठ्याहून वाशीला आलो, साडीच्या दुकानात गादीवर मांडी ठोकली आणि सेल्समनला म्हटलं, “पिवळी. बाकी काही दाखवू नका.” त्याने पिवळ्यांचा ढीग घातला. मी त्यातली एक बोटाने निवडली, फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपवर ताईला पाठवला. भाचीचा स्वतःचा फोन नेमका पडून फुटलेला, दुरुस्तीला गेलेला. सगळी भिस्त ताईच्या फोनवर.

दोन खुणा आल्या, म्हणजे पोचला. मी फोन लावला. “दिसली?”

“धुकं दिसतंय,” ताई म्हणाली. “मध्ये एक गोल फिरतोय.”

“त्यावर बोट लाव.”

“लावलं. गोल थांबला. धुकं आहे तसंच आहे.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी महाप्याला एका संगणकाच्या कंपनीत आहे. कंपनीच्या बसेस कुठून सुटतात आणि कँटीनला चहा किती लागतो, एवढंच माझं काम. पण गावाला त्यातलं ‘संगणक’ तेवढं ऐकू गेलं. कुणाचाही फोन अडला की मला विचारतात, आणि मी कधीही ‘मला माहीत नाही’ असं म्हणत नाही. आजवर बरेच फोन आपोआप सुरू झाले, त्याचं श्रेय मी घेतलेलं आहे.

“ताई,” मी डॉक्टरी आवाजात म्हटलं, “तुझा आणि माझा फोन वेगळ्या जातीचा आहे. त्यांचं आपसात जमत नाही. आता मी सांगतो तेवढंच करायचं. मध्ये बोलायचं नाही.”

मग मी तोच फोटो फाईल म्हणून पाठवला. फाईल पोचली, पण ‘हे उघडता येत नाही’ अशी पाटी घेऊन. माझा फोन फोटो काढतो तो स्वतःच्या नव्या पद्धतीने, आणि ती पद्धत तिच्या जुन्या फोनच्या गावीही नव्हती. मी सेटिंगमध्ये शिरलो, काहीतरी बदललं, फोन एकाएकी इंग्रजीत बोलायला लागला. तो गप्प करण्यात वेळ गेला. मग साध्या मेसेजमधून फोटो पाठवला, तर खाली लाल अक्षरात ‘गेला नाही’. परत पाठवला, परत गेला नाही. मग व्हिडिओ कॉल. तिकडे रेंज इतकी दुबळी की चित्र जागच्या जागी गोठलं, आणि गोठलं तेही नेमकं माझ्या नाकपुडीवर.

“मामा, साडी दाखवा, हे काय दाखवताय?” मागून भाची ओरडली.

सेल्समनने साडीची एक घडी घातली, मग दुसरी. “साहेब, ठेवू की काढू?”

“दोन मिनिटं,” मी म्हटलं. तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन.

“पावनं, माल उतरला. मी निघायच्या बेतात हाय. कुठवर आलाय?”

“आलोच. पोचलोच समजा.”

मी गादीवर मांडी घालून होतो.

मी उठून दुकानाच्या दारात गेलो, रस्त्यावर आलो, फोन डोक्यावर धरला, परत आत आलो. चप्पल घाल, चप्पल काढ. ताईला म्हटलं, “फोन बंद करून चालू कर.” तिने बंद केला. तो चालू होईपर्यंत मी आरशात स्वतःकडे बघत बसलो, कारण साडीच्या दुकानात सगळीकडे आरसेच असतात आणि घाबरलेला माणूस त्यात चारी बाजूंनी दिसतो.

फोन चालू झाला आणि आता भाचीच बोलायला लागली. “मामा, इथं खाली बारीक अक्षरात लिहिलंय. फोनमध्ये जागा नाही.”

“कधीपासून लिहिलंय?”

“पहिल्यापासून.”

“मग सांगितलं का नाहीस!”

“तुम्हीच म्हणाला ना, मी सांगतो तेवढंच करा, मध्ये बोलायचं नाही.”

मी खाकरलो. “ठीक आहे. काय काय भरलंय त्यात, बघ. नको ते काढून टाक.”

तिकडे थोडा वेळ बोट फिरलं. मग एकदम हसू. “मामा, सगळी तुमची फुलं आहेत.”

हे खरं होतं. ऑफिसातला एक सहकारी मला रोज सकाळी ‘शुभ प्रभात’ लिहिलेलं फूल पाठवतो. गुलाब, जास्वंद, दव पडलेलं कमळ, खाली एखादं वचन. मी ते न बघता पुढे ढकलतो, त्यात ताई पहिली. कित्येक वर्षं रोज सकाळी मी माझ्या हाताने तिचा फोन भरत आलो होतो, आणि आता माझीच साडी माझ्याच फुलांच्या गर्दीत दाराबाहेर ताटकळत होती.

“अगं ताई, मग काढायची नाहीत का?” मी उलट तिच्यावरच चढलो.

“तुझी आहेत ना? कशी काढू?” ताई म्हणाली. “सकाळी फूल आलं की कळतं, उठलाय, बरा आहे.”

मी उगाच समोरच्या साडीची घडी सरळ केली. भाचीचं बोट मात्र थांबलं नव्हतं. “आई, बाजूला हो. मामा, उडवली सगळी. गुलाब, कमळं, सगळी बाग साफ.” आणि तिच्या पाठोपाठ, “आला! आला फोटो!”

मी दुकानात हात वर केला. सेल्समननेही सवयीने केला.

“मामा,” तिकडून आवाज पडला, “ही केशरी आहे.”

“काय बोलतेस! पिवळीधमक आहे. माझ्या समोर आहे.”

“तुमच्या समोर पोपटीही पिवळीच होती.”

मी फोटो परत काढला. दारात नेऊन, उन्हात धरून, आतल्या दिव्याखाली, सेल्समनच्या खांद्यावर टाकून. जागा झाल्यामुळे आता सगळे धडाधड पोचत होते, आणि सगळे केशरी. मग ताईला काहीतरी आठवलं. “अरे, माझ्या फोनला ते डोळ्यांना त्रास नको म्हणून लावून ठेवलंय ना, त्यात सगळंच तसं दिसतं. हळद लागल्यासारखं. तूसुद्धा.”

“मग ते काढ!”

“कुठून काढायचं?”

तुझा फोन वेगळ्या जातीचा आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते खरंच माहीत नव्हतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ते बोललो. “ताई, मला नाही माहीत.”

टेम्पोवाल्याचा परत फोन. मी तो कापला. साडी हातात, फोन कानाला, आणि ही पिवळी आहे की केशरी हे सांगणारं सगळ्या वाशीत माझं कुणी नाही. सेल्समनला विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, तुम्ही म्हणाल तो कलर.”

शेजारच्या गादीवर घणसोली गावातल्या एक काकू बसल्या होत्या. घरात लग्नाच्या हळदीचा समारंभ होता, त्यामुळे सगळ्या बायकांसाठी पिवळ्या साड्यांचा गठ्ठाच त्यांनी बाजूला काढला होता. मघापासून त्या माझा तमाशा बघत होत्या. आता त्यांनी हात पुढे केला. “दादूस, आन तो फोन इकरं. कवाधरनं झगरतंस त्याच्याशी.”

त्यांनी फोन कानाला लावला आणि ओळखदेख काही न विचारता ताईशी बोलायला लागल्या. “हां गो बाय, सारी माझ्या हातान हाय. तुला कनची पायजे ती सांग. फोटो नको ना बिटो नको.”

ताईचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. हळद पिकवणाऱ्या घरातली बाई ती. तिने विचारलं, “ओल्या हळदीची आहे की दळलेल्या?”

“ओल्या हळदीची,” काकूंनी पदर उलटून पाहिला. “कापल्यावं आतून कशी लालसर दिसते, तशी हाय.”

“मग ती नको. दळून चाळलेल्या हळदीची हवी. ताटात काढून ठेवली की दिसते ती.”

“मंग तशी सांग ना!” काकूंनी ढिगात हात घातला, तळातून एक ओढली, मांडीवर झटकली, फोनला म्हणाल्या, “भेटली. जरीचा काठ बारीक हाय. चालंल?” आणि फोन माझ्या हातात ठेवून सेल्समनला हुकूम केला, “बांद ही.”

म्हणजे फोन केशरी म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं. दोन्ही साड्या मी शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मला त्या जुळ्या बहिणी वाटल्या. हे मी कुणाला बोललो नाही. काकूंना हात जोडले, तर म्हणाल्या, “जा रं, पल आता.”

मी पळालो. रिक्षा मार्केटच्या दिशेला लागली, मी पिशवी छातीशी धरली, आणि मग डोक्यात किडा शिरला. सेल्समनने बांधली कुठली? मी हात जोडत होतो तेव्हा दोन्ही साड्या गादीवर होत्या. मी पिशवी उघडली. पिवळी. आणखी उघडली. पिवळीच. काठ बारीक आहे का? मघाच्या साडीचा काठ किती होता, हे मी बघितलंच नव्हतं. रिक्षावाला आरशातून म्हणाला, “काका, उतरल्यावर मोजा ना.” फोटो काढून पाठवावा, तर तिकडे त्या फोनमध्ये मला स्वतःलाही हळद लागलेली.

टेम्पोवाला इंजिन चालू करूनच उभा होता. मी पिशवी त्याच्यापुढे उघडली. “ही कुठली आहे हो? दळलेल्या हळदीची की ओल्या?”

त्याने आधी साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पावनं, ऊन लागलंय तुम्हाला,” तो म्हणाला, पिशवी सीटच्या मागे टाकली आणि गेला.

मी तिथेच कांद्याच्या टरफलात उभा राहिलो. घरी आलो, जेवणात लक्ष नाही. बायकोने विचारलं, “कुठली घेतली?” मी म्हटलं, “पिवळी.” ती म्हणाली, “देवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहकाऱ्याचं फूल आलं. मी ते पुढे ढकललं नाही. मोकळा झालेला फोन परत कशाला भरा? चहा घेतला, गॅलरीत गेलो, आत आलो, परत गॅलरीत. मग ताईचाच फोन आला.

“काय रे, बरा आहेस ना?”

“हो. का?”

“फूल नाही आलं.”

“अगं, तुझा फोन भरतो म्हणून...”

“एका फुलानं काय भरतोय? पाठव.” मग म्हणाली, “साडी आली. शिंप्याकडे गेली.”

“कुठली?” मी विचारलं.

फोन भाचीने ओढून घेतला. “मामा, हळदीच्या ताटाशेजारी ठेवून बघितली. दळलेल्या हळदीची आहे. हीच नेसणार. आणि मांडवात सांगणार, मामानंच दिली.” हे म्हणताना तिने हसू दाबलं, ते मला ऐकू आलं. काकूंची गोष्ट आत्तापर्यंत सगळ्या भावकीत पोचलेली असणार. अशा गोष्टी न अडकता पोचतात.

मग तिने नेसलेल्या साडीचा फोटो लग्नाच्या दिवशी माझ्या फोनवर आला, मी तिथेच मांडवात असूनही. पिवळी दिसत होती. पोपटीही अशीच दिसत होती, म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यातली ती म्हातारी या वेळीही आली होती. नवरीकडे टक लावून बघत होती. मी फेटा सावरला आणि वाट बघत राहिलो.

ती काही बोलली नाही. मग मात्र मी पाटाजवळ जाऊन उभा राहिलो.